जिन्याखालच्या बाटल्या: मुंबईतल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीचे सर्व सदस्य,
मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्या

सप्रेम नमस्कार.

मी महापालिकेच्या एका हॉस्पिटलमधून निवृत्त झालेली परिचारिका. ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. राहायला विक्रोळीला, कन्नमवार नगरात. गेल्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये जे घडलं त्यावरून हे पत्र लिहिते आहे. आमच्या कमिटीशी माझं बोलणं झालं आहे. पण आमच्या जिन्याखाली जे ठेवलेलं असतं तेच मुलुंडला, बोरिवलीला, परळला आणि चेंबूरला तुमच्याही जिन्याखाली असतं, म्हणून हे सगळ्यांसाठी.

आमच्याकडे तळमजल्यावर वॉचमनसाठी संडास आहे. चार बाय चारची जागा. एकच झरोका, तोही डक्टमध्ये उघडणारा, आणि पावसाचं पाणी आत येतं म्हणून त्यावर पत्रा ठोकलेला. जिना-पॅसेज झाडणाऱ्या मावशी दर शनिवारी तो घासतात. त्या शनिवारी त्यांनी भांड्यात आधी ॲसिड ओतलं. पिवळे डाग हलेनात. पाण्याची टाकी धुवून झाल्यावर उरलेली ब्लीचिंग पावडर जिन्याखाली पिशवीत होती. मावशींनी तिच्या दोन मुठी वरून टाकल्या, पदर नाकाला लावला आणि उकिडव्या बसून ब्रश मारायला लागल्या.

मी बाजारातून भाजी घेऊन येत होते. जिन्याच्या पायथ्याशीच वास आला. पोहण्याच्या तलावावर येतो तोच वास, पण घसा ओरबाडणारा. आतून खोकल्याचा आवाज येत होता आणि मध्ये मध्ये तो थांबत होता. खोकला थांबलेला मला आवडला नाही. वॉचमनदादांनी आणि मी मिळून त्यांना ओढत बाहेर आणलं, पावसातच बसवलं, डोळ्यांवर पाणी मारत राहिलो. डोळे लालबुंद, आवाज बसलेला, उलटीचे उमाळे, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला, रात्रभर ठेवून घेतलं. ठेवून घ्यावंच लागतं, कारण या गॅसने फुप्फुसांना येणारी सूज कधी कधी काही तासांनी चढते. माणूस बरा वाटला म्हणून घरी जातो आणि रात्री त्याला धाप लागते.

मावशी बऱ्या झाल्या. पुढे कितीतरी आठवडे त्यांना तिसरा मजला चढला की थांबावं लागायचं.

दोन दिवसांनी खाली चार जण जमले होते. आमच्या कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "इतकी वर्षं काम करतात, त्यांना एवढंही कळू नये?" ते वाईट माणूस नाहीत. हॉस्पिटलचा खर्च त्यांनीच पुढे होऊन सोसायटीतून दिला. पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी सरळ जिन्याखाली गेले आणि तिथे काय काय आहे ते पाहिलं.

पाच लिटरचा एक पांढरा कॅन, कोरा. त्यात ॲसिड. त्याच्याशेजारी तसाच दुसरा कॅन, तोही कोरा, त्यात पांढरं फिनाईल. कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या. एकीत काळं फिनाईल, दुसरीत कपड्यांचं ब्लीच असावं असं वासावरून वाटलं. गाठ मारलेल्या पिशवीत ब्लीचिंग पावडर. ३१ वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या बाईला यातलं अर्धं वास घेऊन ओळखावं लागलं. मावशींना कुठून कळणार होतं? कळेल असं त्यावर काय लिहिलं होतं, आणि कोणी?

माझं तुमच्याशी भांडण एवढ्याच जागेवर आहे. खरेदी करणारा एक, वापरणारा दुसरा. सामान मोठ्या पिंपातून सुटं घेतलं जातं, कॅनमधून बाटलीत ओतलं जातं, आणि या सगळ्या ओतण्यात लेबल मागेच राहतं. ज्याचे हात त्यात बुडणार, जो त्याच्यावर वाकून श्वास घेणार, त्याच्यापर्यंत एक अक्षरही पोचत नाही. मग चूक झाली की आपण म्हणतो, त्यांना कळायला नको?

आता त्या संडासात काय झालं ते समजून घ्या. ब्लीचिंग पावडर आणि द्रवरूप ब्लीच, दोन्हींत क्लोरीन बांधून ठेवलेला असतो. द्रवरूप ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यावर ॲसिड पडलं की बांधलेला क्लोरीन सुटतो, लगेच, डोळ्यांदेखत. हा गॅस हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड. तो वर जात नाही, लादीवर साचतो. आपल्याकडे संडास उभ्याने घासत नाहीत, बसून घासतात. म्हणजे गॅस जिथे सगळ्यात दाट असतो नेमकं तिथेच मावशींचं तोंड असतं. वरचा झरोका उघडा असता तरी तो पुरला असता का, मला शंका आहे. पदराचा तर काहीच उपयोग नाही. पदर, रुमाल, साधा मास्क, यांतून गॅस आरपार जातो. आत गेल्यावर तो ओल्या जागी पोचला की त्याचं पुन्हा ॲसिड होतं, आणि डोळे, नाक, घसा, फुप्फुसं या सगळ्या ओल्याच जागा.

मुंबईला हा गॅस अनोळखी नाही. जुलै २०१० मध्ये शिवडीला हाजी बंदरच्या आवारात वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. तेव्हा पेपरात मोठे मथळे आले. चार बाय चारच्या मोरीत तोच गॅस एका बाईच्या छातीत गेला तर त्याची बातमी होत नाही. केसपेपरवर 'श्वास लागणे' एवढंच लिहिलं जातं.

ॲसिड आणि ब्लीच ही सगळ्यात वाईट जोडी. पण ब्लीच दुसऱ्याही कशात मिसळायचं नसतं. अमोनिया असलेल्या काचा पुसायच्या लिक्विडमध्ये मिसळलं तर वेगळा विषारी गॅस होतो. तुंबलेल्या, लघवी साचलेल्या मुतारीत ओतलं तरी तसाच त्रास होऊ शकतो, कारण तिथेही अमोनिया असतो. व्हिनेगर किंवा लिंबू हीसुद्धा ॲसिडंच. ब्लीचला सोबत चालते ती फक्त साध्या, गार पाण्याची. गरम पाण्यात त्याची ताकद झपाट्याने जाते आणि वाफ नाकात जाते ती वेगळीच.

इथे एक गोष्ट तुमच्यातल्या शिकलेल्या, वाचून सामान घेणाऱ्या माणसांसाठी सांगते. संडास साफ करायच्या म्हणून दुकानात एकाच फळीवर ज्या बाटल्या असतात त्यांतल्या काहींत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि काहींत सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीचा आकार तसाच, वाकडी मानही तशीच, काम तेच. एक संपली म्हणून तिच्यात दुसरी ओतली, किंवा एक टाकून डाग गेला नाही म्हणून लगेच दुसरी टाकली, तर फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सच्या बाथरूममध्येही तेच होईल जे आमच्या वॉचमनच्या संडासात झालं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. ते वाचा. आणि दोन्ही प्रकार घरात ठेवूच नका. एक ठरवा.

असा वास आलाच तर तिथे थांबून पाणी ओतत बसायचं नाही. श्वास रोखून बाहेर पडायचं, दार उघडं टाकायचं, मोकळ्या हवेत जायचं, बाकीच्यांना लांब ठेवायचं. डोळ्यांत गेलं असेल तर नळाखाली किमान १५ मिनिटं डोळे उघडे ठेवून धुवायचे. १५ मिनिटं फार मोठी असतात, घड्याळ लावून बघा. लोक दोन मिनिटांत थांबतात. आणि धाप, छातीत घट्टपणा किंवा सतत खोकला असेल तर १०८ ला फोन करायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

आता त्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांकडे येते. त्या पाहिल्या आणि मला रात्री झोप लागली नाही.

नोकरीची पहिली काही वर्षं असतील. एका वॉचमनचा दोन वर्षांचा मुलगा आला होता. पंपरूमजवळच्या खोलीत राहणारं कुटुंब. उन्हाळ्याची दुपार, कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड. मुलाला दिसली ती कोल्ड्रिंकची बाटली. त्याने एकच घोट घेतला असेल. आजीने घाबरून त्याला मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. तिचा दोष नाही, तिला तिच्या आईने तेच शिकवलं होतं. पण ॲसिड खाली जाताना एकदा भाजतं आणि उलटीबरोबर वर येताना पुन्हा भाजतं. मूल वाचलं. मग काही आठवड्यांनी अन्ननलिकेतली जखम भरताना आक्रसली आणि त्याला भात गिळता येईना. त्यानंतर नळी रुंद करून घ्यायला आई त्याला कडेवर घेऊन यायची, पुन्हा पुन्हा, किती वेळा ते मी मोजणं सोडून दिलं. वॉर्डात तो माझ्या खिशातलं पेन ओढायचा. त्याचं जेवण म्हणजे पेज आणि दूध. चपाती त्याने कधी खाल्ली का, मला माहीत नाही.

तेव्हा हे पाठ करा आणि वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. कुणी ॲसिड, ब्लीच, फिनाईल किंवा नाली उघडायची कॉस्टिकची पावडर गिळली तर उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी, लिंबू, सोडा, काही पाजायचं नाही. ॲसिडवर सोडा पाजून ते मारता येतं असं काही लोक सांगतात. तसं करू नका, पोटात उष्णता आणि गॅस तयार होतो. तोंड पाण्याने धुवून थुंकायला लावायचं, ओठांवर-हनुवटीवर सांडलं असेल ते धुवायचं, आणि ती बाटली बरोबर घेऊन हॉस्पिटल गाठायचं. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेसाठी राष्ट्रीय माहिती केंद्र आहे, त्याचा विनाशुल्क नंबर १८०० ११६ ११७. फोनवरचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारेल, काय घेतलंय? बाटली कोरी असेल तर त्याचं उत्तर कोण देणार? आम्ही कॅज्युअल्टीत किती नातेवाइकांना विचारलं असेल, आणि किती जणांनी "काहीतरी पांढरं होतं, सिस्टर" म्हणून सांगितलं असेल.

शिकलेल्या माणसाच्या हातून हे होत नाही असं वाटत असेल तर ३१ जानेवारी २०२१ आठवा. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांना हाताला लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने बरी झाली. तो बूथ सरकारी होता. पाजणारी माणसं आपल्या परीने जबाबदारीचंच काम करत होती. धावपळीत हाताला जी बाटली लागते ती उचलली जाते. म्हणून पिण्याच्या वस्तूची बाटली आणि विषाची बाटली जवळ असूच नये, आणि दिसायला सारखी तर मुळीच नसावी.

याच जोडीला रिकाम्या कॅनचं सांगते. ॲसिडचा रिकामा कॅन भंगारात जातो किंवा कुणीतरी मागून नेतं. पाणी साठवायला चांगला असतो ना. आपल्या शहरात ज्यांच्या नळाला तासभर पाणी येतं त्यांच्याकडे कॅन आणि ड्रम वाया जात नाहीत. मावशींच्या घरीही आमच्या सोसायटीतलेच दोन कॅन होते, पाण्याचे. कॅन टाकायचा असेल तर भरपूर पाण्याने धुवून बुडाला भोक पाडून टाका, म्हणजे त्यात कोणाला काही भरताच येणार नाही.

ॲसिडच्या सुट्या विक्रीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निर्देश दिले. विकणाऱ्याने खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि कारण वहीत लिहायचं, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पाहायचं, १८ वर्षांखालच्या कुणाला द्यायचं नाही. ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भातले निर्देश होते ते, पण आहेत सगळ्यांसाठी. गेटवर सायकलवरून येणाऱ्याकडून आपण कॅन घेतो तेव्हा यातलं काय होतं? तुमच्या सोसायटीच्या व्हाउचरवर 'ॲसिड' म्हणून लिहिलेलं असतं, ते कुठून आलं हे एकदा पाहा. खरं तर रोजच्या संडासाला तीव्र ॲसिड लागतच नाही. रोज ब्रश मारला, आठवड्यातून एकदा साधं लेबलवालं क्लीनर वापरलं तर डाग धरतच नाहीत. महिनाभर कुणी पाहिलं नाही की मग ॲसिड लागतं.

एक मोकळेपणाने सांगते. फिनाईलचा वास मला आवडतो. तो माझ्या वॉर्डाचा वास आहे. सकाळी सातला ड्यूटीवर पाऊल ठेवलं की तो यायचा आणि वाटायचं, सगळं जागच्या जागी आहे. तुम्हा अनेकांच्या मनात स्वच्छता म्हणजे तोच वास आहे, आणि या शहराला ही सवय फार जुनी आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला तेव्हा घरांना चुना फासला गेला, मोऱ्या आणि गटारं कार्बोलिक ॲसिडने, म्हणजे फिनॉलने, धुतली गेली. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये ऑपरेशनच्या जखमांसाठी ज्या कार्बोलिकचा उपयोग जगापुढे मांडला, तेच हे. जखमेवर त्याने क्रांती केली. प्लेगवर मात्र गटारातल्या कार्बोलिकचा फारसा इलाज चालला नाही, कारण प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांतून. पॉल लुई सिमों यांनी ते १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. वास जोरदार होता, लोकांना धीर येत होता, आणि रोग भलत्याच वाटेने चालला होता.

२०२० मध्ये आपण तेच पुन्हा केलं. गेटवर फवारणीच्या कमानी उभारल्या, हायपोक्लोराइटचे पंप पाठीला लावले. आणि फवारलं कोणावर? घरकामाच्या बायकांवर, डिलिव्हरीवाल्या मुलांवर, वॉचमनवर. फ्लॅटमालक त्या कमानीखालून गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका म्हणून कळवलं, जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यात तेच सांगितलं, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयालाही त्यावर केंद्राला आदेश द्यावा लागला. ज्यांच्या डोळ्यांची तेव्हा आग झाली त्यांची माफी कुणी मागितली नाही.

म्हणून हेही लक्षात घ्या की जास्त म्हणजे जास्त स्वच्छ असं नसतं. लादीवर माती आणि तेलकटपणा असेल तर त्यावर ओतलेलं जंतुनाशक त्या घाणीतच संपून जातं. आधी साबणाच्या पाण्याने पुसायचं, मग गरज असेल तिथेच जंतुनाशक. जिना, पॅसेज, लिफ्ट यांना रोज साबणाचं पाणी पुरतं. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा ब्लीचचा खरा उपयोग. ४ टक्के हायपोक्लोराइटचं ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात २५ मिली, म्हणजे चहाचे पाच चमचे. पुसल्यावर ती जागा दहा मिनिटं ओली राहू द्यायची, लगेच कोरडी करायची नाही. जंतू मरायला वेळ लागतो, आपण तो देत नाही आणि मग बादलीत आणखी दोन बुचं ओततो. केलेलं पाणी त्याच दिवशी वापरून टाकायचं. मुंबईच्या उकाड्यात, उन्हात ठेवलेलं ब्लीच आपोआप मरतं, हेही खजिनदारांनी ध्यानात ठेवावं. वर्षाचं एकदम घेऊन ठेवण्यात बचत नाही.

हातांसाठी साधा साबण आणि पाणी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती 'अँटिबॅक्टेरिअल' साबणांतल्या ट्रायक्लोसानसह १९ घटकांवर बंदी घातली, कारण ते साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. पाणी नसेल तेव्हा सॅनिटायझर ठीक, पण तो हात सुकल्याशिवाय गॅसजवळ किंवा देवापुढच्या समईजवळ न्यायचा नाही.

जखमेच्या औषधांचं थोडक्यात सांगते, कारण वॉचमनच्या केबिनमध्ये एक तांबूस बाटली असते आणि कापलं-खरचटलं की ती तशीच ओततात. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, अशी समजूत आहे. झोंबतं ते भरून येणाऱ्या मांसालाही. आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा, अर्धं काम तिथेच होतं. मग अँटिसेप्टिक लावायचंच असेल तर लेबलवर दिलेल्या प्रमाणात पाणी घालूनच. सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्सिडिनवालं औषध साबणाचा फेस राहिलेल्या जागेवर टाकलं तर दोघं एकमेकांना निकामी करतात, तेव्हा साबण पूर्ण धुऊन काढा. कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, वर पोव्हिडोन आयोडिन लावायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जायचं. लस टाळून नुसत्या अँटिसेप्टिकवर राहणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. तान्ह्या बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक घालू नका, नाळेलाही काही लावू नका, ती कोरडी ठेवा. आणि बिल्डिंगमधल्या मांजरांना काळं फिनाईल फार बाधतं, त्यांचं शरीर फिनॉल पचवू शकत नाही. पुसलेल्या ओल्या जिन्यावरून चालून ती पंजे चाटतात.

आता मागणं. सहकार कायद्याप्रमाणे तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. विषयपत्रिकेवर पेंटिंग असतं, पार्किंग असतं, लिफ्टचं कंत्राट असतं. यंदा त्यात जिन्याखालच्या बाटल्या घाला. सुटं ॲसिड बंद करण्याचा ठराव करा. जे घ्याल ते कंपनीच्या सीलबंद, छापील लेबलच्या बाटलीत घ्या आणि त्याच बाटलीत राहू द्या, ओतू नका. सामानाला कुलूप लागणारं एक कपाट द्या, मीटररूममध्ये नको. वॉचमनच्या संडासाचा झरोका उघडा, पत्रा काढा, जमलं तर एक्झॉस्ट लावा. पाणी येत असेल तर झरोक्यावर छोटं छप्पर काढता येतं. पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर घेऊन माणूस उतरवता, त्याच्यासाठी वर दुसरा माणूस उभा आहे का तेही विचारा.

रबरी हातमोजे द्या, आणि हाताच्या मापाचे द्या. आमच्याकडे आणलेले मोजे पुरुषाच्या मापाचे होते. ते निसटतात म्हणून मावशी घालत नव्हत्या आणि कमिटीत सगळ्यांनी धरून चाललं होतं की त्यांना सवयच नाही. त्यांच्या बोटांची सालं गेली कित्येक वर्षं निघत होती, कुणी विचारलं नव्हतं. मोजे, गमबूट, चष्मा, सगळं मिळून वर्षाला जेवढं होतं तेवढं आमच्याकडे एका फ्लॅटच्या एका महिन्याच्या मेंटेनन्समध्ये बसलं.

"सफाई कंत्राटदाराकडे आहे, माणसं त्याची," असं काही सेक्रेटरी मला म्हणाले. कंत्राटात हे लिहून घ्या. संडास तुमचा आहे, ॲसिड तुमच्या जागेत आहे, श्वास घेणारी बाई रोज तुमच्या घरासमोरची लादी पुसते. आणि ज्या दिवशी त्यांना गॅस लागून घरी बसावं लागतं त्या दिवसांचा पगार कापू नका. आमच्याकडे तो कापायचा की नाही यावर चर्चा झाली होती. चर्चा झाली याचंच मला वाईट वाटलं.

मावशी आता पुन्हा कामावर येतात. पहिल्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, मला मराठी वाचता येतं. सातवीपर्यंत गेलेय मी. कुणी लिहिलंच नव्हतं." मग आम्ही दोघींनी बसून आमच्या जिन्याखालच्या सामानाच्या चिठ्ठ्या केल्या. मराठीत मोठ्या अक्षरात, खाली हिंदीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रंग. ॲसिडला लाल पट्टी, ब्लीचला निळी, आणि लाल-निळं कधीच एका भांड्यात नाही. पट्ट्यांचे रंग मावशींनी निवडले.

या चिठ्ठ्यांचा एक संच माझ्याकडे तयार आहे. तुमच्या सोसायटीला हवा असेल तर तुमच्या इथल्या सफाई करणाऱ्यांच्या सोयीच्या वेळी, कमिटीच्या नव्हे, मी येऊन तासभर बसेन. विक्रोळीपासून कुठेही लोकलने येईन. कपाटाची किल्ली तेवढी तयार ठेवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई